आधी नोंदवही, मग उद्घाटनाची फीत

पत्र

आदरणीय ताई,
मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गावात मराठी शाळेत शिक्षिका आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या मंडळानं जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत गावाचं संग्रहालय सुरू केलं. जाती, पेरणीच्या कुऱ्या, पावसात अंगावर घ्यायची इरली, धान्य मापायच्या पायल्या, तांब्यापितळेची भांडी, पोथ्या, मोडी कागद, दोन तलवारी असं मिळून तीनशे चाळीसच्या आसपास वस्तू आहेत. शाळा सुटल्यावर मीच सांभाळते. आता मंडळानं ठरवलंय की वैशाखातल्या शिवजयंतीला भव्य प्रदर्शन करायचं, 18 मेला संग्रहालय दिन साजरा करायचा आणि गणपतीत पुन्हा एक प्रदर्शन. हातात दोन महिने आहेत. पाहुण्यांची यादी तयार आहे. काय मांडायचं असं विचारलं की सगळे म्हणतात, "सगळंच मांडा." एक तलवार ज्यांनी दिली त्यांचा मुलगा ती मिरवणुकीसाठी परत मागतोय. पाट्या फक्त मराठीत हव्यात असं काहींचं म्हणणं, काही म्हणतात कन्नडही घाला. गेल्या पावसाळ्यात चार पोथ्यांना बुरशी आली. पैसे जवळजवळ नाहीत. रात्री झोप लागत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर

प्रिय बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पाहुण्यांची यादी तयार आहे असं तुम्ही लिहिलंय. वस्तूंची यादी तयार आहे असं मात्र कुठंच दिसलं नाही. "तीनशे चाळीसच्या आसपास" या शब्दांपाशी मी थांबले. बँकेत कुणी "आसपास" पैसे ठेवत नाही. लोकांनी आपल्या आज्या-पणज्यांच्या वस्तू तुमच्या हातात विश्वासानं दिल्या आहेत, त्याचा आकडा पक्का हवा. सुरुवात तिथूनच करा. उद्याच करा.

हे मी एवढ्या कळकळीनं का सांगते, ते ऐका. मी चोवीस वर्षं एका लहान संग्रहालयात काम केलं. सुरुवातीच्या दिवसांत जांबोटीकडच्या एका आजींनी एक इरलं आणून दिलं. बांबूच्या कामट्यांची बारीक वीण, आत पानांचे थर, पाठीकडचा भाग वाकून वाकून मऊ झालेला. आजी दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कशाला ठेवूलालाय हे? फेकूनच देणार होतो." मग बसल्या, आणि अर्धा तास बोलत राहिल्या. रोप लावताना कोण कुणाच्या शेजारी उभं राहायचं, इरलं कुणी विणलं, कुठल्या पावसात त्यांच्या जावेला त्याच इरल्याखाली कळा सुरू झाल्या, सगळं सांगितलं. मी ऐकलं, चहा दिला, नमस्कार केला. लिहून घेतलं नाही. लिहू पुढच्या भेटीत, असं वाटलं. पुढची भेट झालीच नाही. ते इरलं आजही काचेच्या कपाटात आहे आणि पाटीवर लिहिलंय, "इरलं, बांबू व पाने." विणणाऱ्याचं नावही मला आठवत नाही. ही चूक माझी आहे आणि ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही. तुमची अजून होण्यासारखी आहे.

तर मजबूत बांधणीची, शाईनं लिहायची एक जाड वही आणा. पानांना आधीच क्रमांक घाला, म्हणजे एखादं पान फाडलं तर कळेल. प्रत्येक वस्तूला एक आकडा द्या. वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी आणि त्या देणगीतली कितवी वस्तू, एवढा साधा क्रमांक पुरतो. त्याच्यापुढं वस्तूचं गावात बोलतात ते नाव, मग प्रमाण मराठीतलं नाव, कशाची आहे, लांबी-रुंदी, कुठं चीर आहे, कुठं गंज आहे, कुणी दिली, कधी दिली, आणि देताना ते काय बोलले. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून त्याला जागा मोठी ठेवा. मोबाइलवर प्रत्येक वस्तूचे दोन फोटो घ्या, एक पुढून आणि एक मागून, शेजारी शाळेतली पट्टी ठेवून. वहीची झेरॉक्स दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा, संग्रहालयात नको. आकडा वस्तूवर लिहिण्याच्या भानगडीत पडू नका. जाड सुती दोऱ्यानं कागदी चिठ्ठी बांधा. कपड्याला कोपऱ्यात सुती नाडीचा तुकडा टाका घालून शिवा. कागदावर लिहायचंच झालं तर पाठीमागं, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलनं. बॉलपेन आणि चिकटपट्टी संग्रहालयाच्या खोलीत आणूच नका.

दोन महिन्यांत तीनशे चाळीस वस्तू होणार नाहीत असं वाटत असेल. दिवसाला आठ केल्या तर दीड महिन्यात होतात. सुटी लागली की आठवी-नववीची चार मुलं सोबत घ्या. एकानं पट्टी धरायची, एकानं फोटो काढायचा, एकानं चिठ्ठी बांधायची. लिहायचं मात्र तुम्हीच, अक्षर एकच राहू दे.

आता "सगळंच मांडा" या आग्रहाकडं येते. सगळं मांडलं की भांड्यांचं दुकान होतं. माणसं एका दारानं आत येतात, "लई जुनं जुनं हाय" म्हणतात आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडतात. मी पस्तीस-चाळीस वस्तूंच्या वर जाऊ नका म्हणेन, आणि त्याही एकाच धाग्यात ओवलेल्या. तुमचा तालुका भाताचा. धूळवाफेची म्हणजे कोरड्या मातीतली पेरणी, कुरी, लावणी, इरलं, घोंगडी, कापणीचा विळा, कणगी, सूप, उखळ-मुसळ आणि शेवटी पायली. पेरणीपासून मापापर्यंतचा हा प्रवास दोन खोल्यांत नीट बसतो. पहिल्या खोलीत शेत, दुसऱ्या खोलीत घर. शेवटच्या टेबलावर माप.

मापावर मी थोडी रेंगाळणार आहे. एकदा मी एका घरात दोन पायल्या पाहिल्या. दोन्ही लाकडी, दोन्हींच्या काठाला पितळेची पट्टी. वरून बघितलं तर जुळ्या. त्या घरातल्या म्हाताऱ्या काकांनी एक पायली तांदळानं शिगोशीग भरली आणि तोच तांदूळ दुसरीत ओतला. दुसरी भरून ओंजळभर तांदूळ खाली सांडला. काका म्हणाले, "ही घ्यायची आणि ही द्यायची." सावकाराच्या वाड्यातून लिलावात आलेल्या होत्या त्या. एकीचा तळ आतून जाड ठेवलेला. मी बोट घालून पाहिलं, बोटाचं एक पेर कमी बुडत होतं. शेतकऱ्याला भात द्यायची ती पायली, आणि त्याच्याकडून वसूल करायची ती दुसरी. सांडलेली ती ओंजळ वर्षानुवर्षं कुणाच्या तरी पोराच्या ताटातून गेलेली होती. बाई, तुमच्याकडं पायल्या आहेत असं लिहिलंय. त्या एकमेकींत ओतून बघा. सगळ्या सारख्या निघाल्या तरी हरकत नाही, पाहुण्यांसमोर ओतून दाखवायला तांदूळ ठेवाच. शेर, मापटं, चिपटं अशी उतरत्या क्रमानं मांडा आणि मुलांना मोजू द्या. चार शेरांची एक पायली हे आजच्या मुलांना माहीत नसतं. 1956 साली आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि किलो-लिटरचा कायदाही त्याच 1956 सालचा. पुढच्या काही वर्षांत पायली बाजारातून गेली, घरात मात्र राहिली. अशी एक ओळ पाटीवर घातली तर गावातली म्हातारी माणसं तिथं उभी राहून बोलायला लागतील. त्या वेळी वही उघडी ठेवून कुणाला तरी शेजारी बसवा.

मंडळातले लोक म्हणतील, शिवजयंतीला भात काय मांडता, तलवारी मांडा. त्यांना महाराजांचं 1673 सालचं एक पत्र दाखवा. चिपळूणजवळच्या लष्करी तळाला ते पाठवलेलं आहे. त्यात महाराज काय सांगतात? दाणागोटा आणि वैरण जपून वापरा, पावसाळ्यात कमी पडू देऊ नका, रयतेच्या घरून धान्य, गवत, लाकूडफाटा उचलून तिला त्रास देऊ नका. आणि रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात घेऊन जाईल आणि गवताच्या गंज्या पेटतील, इथपर्यंत ते लिहितात. राज्य उभं करणारा राजा उंदरानं नेलेल्या वातीचा विचार करत होता. शिवजयंतीला कुरी आणि पायली मांडण्याला याहून मोठा आधार मला तरी माहीत नाही. ते पत्र छापील पुस्तकांतून सहज मिळतं, त्यातला वैरणीचा आणि दिव्याचा भाग मोठ्या अक्षरांत लावा आणि त्याच्याखाली तुमच्या गावची कणगी ठेवा.

तो उंदीर आजही आहे, म्हणून समई बाहेर ओट्यावर लावा. दीपप्रज्वलन, नारळ, हार, कुंकू, सगळं ओट्यावरच. वस्तूंना कुंकू लावू देऊ नका. हे सांगायला संकोच वाटतो, कारण माणसं श्रद्धेनं लावतात. पण कुंकवाचा डाग जुन्या लाकडात कायमचा बसतो. जात्यापुढं पाट मांडा आणि हळदीकुंकू त्या पाटावर वाहायला सांगा, कुणाचं मन दुखत नाही. चहा-खाऊही बाहेर. आत सांडलेल्या साखरेमागं मुंग्या येतात आणि मुंग्यांमागं इतर सगळं.

तलवारीचं. आधी वहीत किंवा जुन्या कागदांत बघा, ती देणगी होती की ठेवायला दिलेली होती. लेखी काही नसेल, तर ती त्या घराची आहे असं धरून चाला. संग्रहालयानं कुणाच्या घरची वस्तू अडवून ठेवली अशी बोलवा झाली तर पुढं कुणीच काही देणार नाही. त्या मुलाला बोलावून घ्या, त्याच्या आजोबांचं नाव पाटीवर येणार आहे हे सांगा, आणि दोन पर्याय द्या. तलवार घरी न्यायची असेल तर फोटो आणि सहीसकट परत द्या. संग्रहालयात ठेवायची असेल तर दानपत्रावर सही घ्या. "वर्षभर तुमच्याकडं, मिरवणुकीला माझ्याकडं" हा तिसरा पर्याय ठेवू नका. शंभर-दीडशे वर्षांचं पातं मुठीत सैल झालेलं असतं, गर्दीत ते कुणाच्या अंगावर निखळून पडलं तर? मिरवणुकीच्या परवानगीच्या कागदावर शस्त्रांबद्दल काय अट आहे तेही त्याला वाचायला द्या. चित्ररथावर सजीव देखावे करणाऱ्या पोरांना पत्र्याच्या तलवारी शोभून दिसतात, बेळगावात आपण ते इतकी वर्षं बघत आलोय. तुमच्याकडं राहील त्या तलवारीबद्दल पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या, नंतर कटकट नको.

दानपत्र म्हणजे काही स्टॅम्पपेपरचं प्रकरण लागत नाही. एक पान. वस्तूचं नाव आणि क्रमांक, देणाऱ्याचं नाव-गाव, "ही वस्तू मी संग्रहालयाला कायमची देत आहे" हे वाक्य, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. ज्यांनी सहा वर्षांत वस्तू दिल्या त्यांच्याकडं नोंदी करता करताच जाऊन सह्या घ्या. वस्तूची गोष्टही त्याच बैठकीत मिळेल. एकाच फेरीत दोन कामं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तू धरल्या जातात, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. त्यांतल्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. तुमच्याकडं तसं काही असेल तर पुरातत्त्व खात्याच्या धारवाड कार्यालयाला पत्र लिहा. आणि एक पथ्य पाळा. हलशी-देगावच्या परिसरात शेताच्या बांधावर वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, तुटक्या मूर्ती खूप दिसतात. प्रदर्शनाच्या उत्साहात कुणी तरी ट्रॅक्टरवर घालून आणेल. आणू देऊ नका. वीरगळ ज्या बांधावर उभा आहे तो बांध हीच त्याची अर्धी ओळख. फोटो घ्या, जागा नोंदवा, फोटो प्रदर्शनात लावा. नाणी किंवा दागिने जमिनीत सापडले तर ते परस्पर ठेवून घ्यायचे नसतात, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असतात.

पाट्यांच्या भाषेबद्दल मी मोकळेपणानं लिहिते, कारण हा विषय आपल्याकडं नाजूक आहे आणि माझ्या घरातही त्यावरून ताटं वाजली आहेत. मराठीसाठी आपल्या माणसांनी काय काय सोसलं ते मला सांगायला नको. पाट्यांवर मराठी असलीच पाहिजे, आधी असली पाहिजे, आणि चांगली असली पाहिजे. पण कन्नडही घाला, असंच मी सांगेन. बाहेरच्या नामफलकावर 60 टक्के कन्नड हवं असा कर्नाटकाचा 2024 चा नियम आहे, ते पंचायतीत विचारून नीट करून घ्या. म्हणजे त्या कारणावरून संग्रहालयाला कुलूप लागणार नाही. आतल्या पाट्यांवर कन्नड मात्र नियम म्हणून घालू नका, वस्तूंसाठी घाला. तुमच्या कुरीला कन्नडात कूरिगे म्हणतात. घोंगडीला कंबळी. अडकित्त्यात तर अडके बसलेलीच आहे, अडके म्हणजे सुपारी. हे शब्द शेजारी शेजारी लिहिले की वस्तू आपली हकीकत सांगायला लागते, कुणाच्या शेतात कोण राबायला गेलं, कुठल्या बाजारात काय विकलं. पलीकडच्या गावातली कन्नड शाळेची पोरं आली आणि आपल्या आजीच्या घरची कुरी त्यांनी ओळखली, तर मराठीचं काही कमी होत नाही. कन्नड मजकूर मात्र कन्नड शाळेतल्या एखाद्या शिक्षकांकडून लिहून घ्या. मोबाइलचं भाषांतर लावू नका, चुकीच्या कन्नडानं माणसं जास्त दुखावतात. आणि गावात बोलतात तो मराठी शब्द पाटीवर सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठा. कोशात तो नसला तरी.

पावसाबद्दल काळजीनं लिहिते. मिरगाच्या आधी कौलं शाकारून घ्या. हे प्रदर्शनाइतकंच महत्त्वाचं आहे, त्यासाठी वेळ वेगळा काढा. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीकडचा पाऊस तुम्ही बघताच, भिंती आतून रडतात. एकही वस्तू जमिनीला किंवा भिंतीला टेकलेली नको, खाली वीतभर आणि मागं हातभर मोकळं सोडा. हवेतला दमटपणा मोजणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, तेवढा एक खर्च कराच. काटा 65 च्या वर राहिला की बुरशी धरते. पावसाच्या दिवसांत "जरा वारा लागू दे" म्हणून खिडक्या उघडू नका, बाहेरची ओल आत येते. उघडीप असलेल्या दुपारी उघडा आणि संध्याकाळपूर्वी लावा. पंखा मंद ठेवा. वेखंड आणि सुकलेला कडुनिंबाचा पाला पातळ मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला चिकटून नको.

त्या चार पोथ्या इतरांपासून आजच वेगळ्या करा. उन्हात वाळवू नका, पानं वाकतात आणि शाई उडते. सावलीत, वाऱ्याच्या जागी, मलमलीवर उघड्या ठेवा. पूर्ण कोरड्या झाल्या की अंगणात नेऊन, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून, मऊ ब्रशानं बुरशी तुमच्यापासून लांबच्या दिशेला झटका. ओलं फडकं मारू नका. एखाद्या पुस्तकाला किंवा लुगड्याला कसर लागली असेल तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. उणे वीसच्या आसपास थंडी लागते, घरचा फ्रिज पुरत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, नाहीतर दव धरतं. बुरशी धरलेली पोथी मात्र ओली असताना अशी कोंडू नका.

मोडी कागदांचं लॅमिनेशन करू नका. कितीही आग्रह झाला तरी. एका हितचिंतकानं आमच्याकडचं एक मोडी पत्र प्रेमानं नेऊन झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून आणलं. आत हवा अडकली, दोन पावसाळ्यांत कागद तपकिरी पडला, आणि प्लॅस्टिक सोडवायला गेलो तर अक्षरं प्लॅस्टिकबरोबर आली. कागद आणि कापड प्रकाशानंही जळतं, सावकाश. प्रदर्शनात मूळ मोडी पत्र तीन दिवस ठेवा, खिडकीपासून लांब, मंद दिव्यात. नंतर त्याची रंगीत प्रत लावा आणि तसं खाली लिहा. मोडी वाचणारं कुणी मिळालं तर त्यांच्यासाठी एक तास राखून ठेवा, गावातली माणसं घरचे कागद घेऊन येतील. आणि भांडी चिंच-रांगोळीनं लख्ख घासू नका. तांब्याच्या घागरीवर पाण्याच्या पातळीची जी काळपट रेघ असते, ती सुनेनं रोज किती खेपा केल्या त्याची खूण आहे. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, बास.

तारखांचा विचार मंडळानं नीट केलेला दिसत नाही. वैशाखात कर्नाटकातल्या शाळांना सुटी असते. म्हणजे शिवजयंतीला आणि 18 मेला शाळेच्या सहली येणारच नाहीत, त्या धरून बेत आखू नका. त्या दिवसांत येतात ती मुंबई-पुण्याहून, गोव्याहून गावी आलेली माणसं, लग्नकार्याला आणि जत्रेला आलेल्या लेकी. प्रदर्शन त्यांच्यासाठी मांडा. त्यांना वस्तूंपेक्षा नावं शोधायची असतात, "हे आमच्या आज्ज्याचं की" म्हणत पाटीवर बोट ठेवायचं असतं. म्हणून प्रत्येक पाटीवर देणाऱ्या घराचं नाव. शिवजयंतीला सुरू करून 18 मेपर्यंत हेच एक प्रदर्शन चालू ठेवा, दोन वेगळी मांडायची गरज नाही. 18 मेला फक्त ज्यांनी वस्तू दिल्या त्यांना बोलवा.

गणपतीतलं प्रदर्शन रद्द करा. भाद्रपदातही हवेत भरपूर ओल असते, त्या दिवसांत कपाटं उघडी ठेवणं म्हणजे पुन्हा चार पोथ्या गमावणं. मंडळाला कार्यक्रम हवाच असेल तर वस्तू आत राहू द्यात आणि मोठे फोटो मंडपात लावा. शाळांसाठी 19 ते 25 नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह धरा. पाऊस संपलेला असतो, सुगी चालू असते. म्हातारी माणसं शेतावर असतील, ती येणार नाहीत, पण पोरं प्रदर्शन बघून तशीच खळ्यावर जाऊ शकतात. मराठी आणि कन्नड दोन्ही शाळांना एकाच दिवशी बोलवा. त्या वेळी एक छोटं दालन वेगळं करता येईल. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनाचे. पाण्यासाठी तेव्हा खणलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. तुमच्या गावातून कुणी चालत, बैलगाडीनं गेलं होतं का, घरोघरी विचारायला पोरांना लावा. एखादी टोपी, एखादा चरखा, निदान एखादी ऐकीव हकीकत निघेल. निघाली की वहीत.

पाहुणे. यादी फाडा असं मी म्हणत नाही, पण भाषणं तीनच ठेवा आणि फीत कापायला गावातली सगळ्यांत वयस्कर देणगीदार बाई बोलवा. मोठे पाहुणे शेजारी उभे राहतील, त्यांनाही बरंच वाटेल. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते आजही माणसं तासभर बघत राहतात, ते दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून लोकांच्या घरातून जमवलेले आहेत. देणारी ती घरं होती म्हणून संग्रह झाला.

पैशांचं, खरं सांगायचं तर, तुमच्या यादीत सगळ्यात शेवटी. शाकारणी श्रमदानानं होते. टेबलं शाळेची, मलमल जुन्या धोतरांची. सुटीला आलेल्या चाकरमान्यांकडं "संग्रहालयाला मदत करा" असं मोघम मागू नका. "या कपाटाला काच बसवायची आहे, एवढे लागतात" असं मागा, पावती द्या आणि काच बसल्यावर फोटो पाठवा. पुढच्या वर्षी ते स्वतःहून विचारतील.

आणि किल्ल्या दोन करा. एक तुमच्याकडं, दुसरी मंडळातल्या एका जबाबदार माणसाकडं. संग्रहालय तुमच्या एकटीच्या झोपेवर चालायला नको. आठवड्यातून एक संध्याकाळ तुमची सुटी असेल असं मंडळाच्या पुढच्या बैठकीत लेखी ठरवून घ्या.

वहीत पहिली नोंद कुठली करायची असा प्रश्न पडेल. तुमच्याकडच्या इरल्यांपैकी एखादं कुठल्या घरून आलं ते तुम्हाला आठवत असेल, आणि ते देणारी बाई अजून असेल, तर तिच्याकडं जा. पहिलं पान तिचं. विणणाऱ्याचं नाव विसरू नका.

तुमची,
ताई